लष्कराच्या भाकऱ्या भाजून तब्येत सुधारते काय?

प्रश्न: ताई नमस्कार. मी 66 वर्षांचा, बँकेतून रिटायर झालोय, बेळगावात टिळकवाडीत राहतो. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळूरला. सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो, मग जेवणापर्यंत मोबाईल. बीपीची गोळी चालू आहे. शेजारचे एक सर सरकारी दवाखान्यात पेशंटांना फॉर्म भरून द्यायला जातात आणि मलाही चला म्हणून मागं लागलेत, म्हणे तब्येत एकदम ठणठणीत राहते. आमची ही म्हणते, जन्मभर बँकेत राबलासा ते पुरे झालं की, आता लष्कराच्या भाकऱ्या कशाला. खरंच काही फायदा असतो काय, की नुसतं बोलायचं?

उत्तर: काका, फायदा असतो, पण सर सांगतात तसा सरसकट नाही. आणि बीपीची गोळी बंद करायची नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण अशी ठणठणीत मंडळी गोळ्या सोडल्याचं पण मोठ्या कौतुकानं सांगत असतात.

अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास 13 हजार लोकांवर चार वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास 2020 मध्ये छापून आला. वर्षाला 100 तास किंवा त्याहून जास्त, म्हणजे आठवड्याला धरून चाला दोनच तास, असं बिनपगारी काम करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, जिना चढायला-चालायला त्रास होणारे कमी निघाले आणि माणसं जास्त आशावादी होती. पण त्याच अभ्यासात शुगर, बीपी, हार्ट, सांधेदुखी यात काहीच फरक सापडला नाही, आणि हे कुणी व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करत नाही. त्याआधी 2013 च्या एका लहान अभ्यासात वर्षाला 200 तास काम करणाऱ्यांना नव्यानं बीपी जडण्याची शक्यता 40 टक्के कमी दिसली होती. म्हणजे बीपीचं अजून पक्कं नाही असंच धरायचं. शिवाय यात एक गोम आहे, ज्याचे गुडघे धड तोच घराबाहेर पडतो, मग काम केलं म्हणून तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून काम केलं? संशोधक हिशेबात हे धरतात, तरी पुरतं सुटत नाही.

म्हणून मला बाल्टिमोर शहरातला प्रयोग जास्त पटतो. तिथं साठीपुढच्या सातशेच्या आसपास लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला आठवड्याला 15 तास प्राथमिक शाळेत पोरांना वाचायला शिकवायला पाठवलं, दुसऱ्याला नाही. जाणाऱ्या बायकांचं रोजचं चालणं वाढलं. थोड्या लोकांचे मेंदूचे स्कॅन काढले होते त्यात दोन वर्षांनी घरी राहिलेल्या पुरुषांचा मेंदू वयाप्रमाणे थोडा आकसला होता, शाळेत जाणाऱ्यांचा नाही. कारण काही गूढ नाही हो. ठरल्या वेळी आवरून बाहेर पडावं लागतं, पोरांची नावं लक्षात ठेवावी लागतात, आणि आज आपण गेलो नाही तर कुणीतरी वाट बघत बसेल हे डोक्यात असतं. मॉर्निंग वॉकचा कट्टा चांगलाच, पण तिथं तुम्ही एक दिवस नाही गेलात तर कुणाचं काय अडतंय.

आता तुमचं. बेळगावात तुमच्यासारख्या माणसाकडं एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या रिटायर माणसाकडं नाही, बँकेच्या काउंटरवर बसून तुमचं कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. मी एका सरकारी दवाखान्यात बघितलं, खानापूरकडची एक आज्जी, चिठ्ठी पदराच्या गाठीत, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, बोर्ड सगळे कन्नडमध्ये, खिडकीतला पोरगा कन्नडमध्येच बोलणारा, आणि ही बाई एक लाइन सोडून दुसऱ्या चुकीच्या लाइनीत. एका पांढऱ्या शर्टातल्या काकांनी चिठ्ठी वाचली, ‘आज्जी, तुमचा एक्स-रे वरच्या मजल्यावर, चला मी येतो’ म्हणाले आणि तिच्याच चालीनं एकेक पायरी वर गेले. त्यांना डॉक्टरकी येत नव्हती, यायची गरज पण नव्हती. नाडकचेरीत, म्हणजे दाखले-अर्जांच्या सरकारी कचेरीत, संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शनचा फॉर्म भरताना तीच तऱ्हा, 65 च्या पुढचे कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या कागद कळत नाही म्हणून एजंटाला पैसे देऊन येतात.

जायच्या आधी दवाखान्याच्या प्रमुखांना भेटून परवानगी आणि ओळखपत्र घ्या. कुणाचे पैसे, एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, कुठल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही नाही, आणि ‘ही गोळी मला लागू पडली’ हे तर तोंडातून काढायचंच नाही.

एक राहिलं. आपल्याकडं असल्या कामाला लगेच शाल-श्रीफळ चिकटतं, मग अध्यक्ष कोण आणि बॅनरवर फोटो कुणाचा मोठा यावरून भांडणं. अमेरिकेतल्याच 2012 च्या एका अभ्यासात असं दिसलं की दुसऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जाणारे जास्त जगले, आणि आपल्याला काय मिळेल म्हणून जाणाऱ्यांना काम न करणाऱ्यांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. काकूंना सांगा, आठवड्यातले दोन तासच जातोय, आणि जमलं तर त्यांनाही न्या, बायकांच्या वॉर्डात बायकांशी बोलायला बाईच लागते.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या गावची, वय 62. गावातल्या मराठी शाळेत मुलांना गोष्टी सांगायला, वाचन घ्यायला बोलावलंय. पण सून नोकरीला जाते, नातू माझ्याकडंच असतो, गुडघे दुखतात, आणि मुलगा म्हणतो घरचं सोडून गावाची उठाठेव कशाला. मी फक्त सातवी शिकलेली.

उत्तर: मावशी, नातू सांभाळणं हे पण कामच आहे आणि ते फुकटच आहे, फक्त त्याला कुणी समाजसेवा म्हणत नाही. म्हणून मुलाला आधी विचारा, आठवड्यातला एक दुपारचा तास नातवाला कोण बघेल. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, उत्तर ठरलं नाही तर तुम्ही दोन आठवडे जाल आणि मग बंद पडेल, पोरं वाट बघून सोडून देतील. नातू अंगणवाडीच्या वयाचा असेल तर तिथल्या वेळेत जुळवा.

सातवी पुष्कळ झालं. पहिली-दुसरीच्या पोराला शेजारी बसून त्याचं अडखळत वाचणं न रागावता ऐकणारं माणूस लागतं, बाईंना एवढ्या पोरांत ते जमत नाही. जात्यावरच्या ओव्या, शेतातल्या गोष्टी तुम्हाला येत असतील त्या पुस्तकात नाहीत. गुडघ्यासाठी एकच, खाली सतरंजीवर बसायचं नाही, मुख्याध्यापकांना आधीच सांगून खुर्ची मागून घ्या, यात लाज कसली. शाळा पुढच्या गावात असली तरी बसभाड्याची चिंता नाही, जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या राज्यात साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेवा म्हणजे झालं. बस वेळेवर येईल काय ते मात्र मी सांगू शकत नाही.

प्रश्न: निपाणीहून लिहितोय. बाबा 74 वर्षांचे, शुगर आहे. देवळातलं अन्नछत्र, रक्तदान शिबिर, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडं असतात. सकाळी आठला जातात ते चारला जेवायला येतात. काही बोललं की चिडतात. थांबवावं काय?

उत्तर: थांबवू नका, कमी करा. 1999 मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात फायदा दिसला तो वर्षाला 40 तासांच्या आतलं काम करणाऱ्यांना आणि एकाच संस्थेत राहणाऱ्यांना, त्यापुढं फायदा तसा वाढत गेला नाही. तासांचा आकडा प्रत्येक अभ्यासात वेगळा येतो त्यामुळं 40 लाच धरून बसू नका, पण तीन संस्था म्हणजे जास्तच झालं.

खरी काळजी जेवणाची. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन चारपर्यंत उपाशी राहिलं की साखर एकदम खाली जाऊ शकते, हातपाय थरथरणं, घाम, डोकं बधिर होणं, आणि या वयात पडले तर खुब्याचं हाड. लोकांना वाढतात आणि स्वतः उपाशी राहतात, असले पुष्कळ आहेत. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी, पिशवीत डबा, आणि गोळीच्या वेळा कामाप्रमाणं बदलायच्या काय ते डॉक्टरांना विचारायचं, स्वतःच्या मनानं नाही. संघातल्या दोघांना बाबांना शुगर आहे हे माहीत पाहिजे.

तुम्ही सांगाल तर चिडतीलच. अन्नछत्र बघणारे जे कोणी असतील त्यांना गाठा आणि ‘बाबांना बारा वाजता पहिल्या पंगतीला बसवा, मग वाढू दे’ एवढंच सांगा. घरच्यांचं न ऐकणारे बाबा तिथल्या व्यवस्थापकाचं बरोबर ऐकतात.