मुरबाडला शेतावरची सोडवून ठेवलेली पत्र्याची शेड परत उभी होईल का?

होईल की, आम्ही शहापूरला गावच्या जागेत हेच केलं, ठाण्याहून शनिवार-रविवार जाऊन. अँगल (सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या) वरवर गंजले असतील तर घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) मारा, चालतात. खरी गोची पत्र्यांची, जुनी भोकं परत जुळता जुळत नाहीत, म्हणून सोडवतानाच पेंटने नंबर टाकायचे असतात (आम्ही नाही टाकले, दोन दिवस नुसता पत्त्यांचा डाव चालला होता). जे-हुक (पत्रा सांगाड्याला आवळणारा वाकडा बोल्ट) पत्र्याच्या उंचवट्यावरच घ्या, खोलगट भागात घेतला की गळणारच, आणि रबर वॉशर नवीनच घ्या, तिथे कंजूषी नको. पावसाळी वारा नैऋत्येचा, पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाचं तोंड तिकडे ठेवू नका. जोतं फूटभर उंच करा नाहीतर पेंढ्याला खालून ओल येते. मे संपायच्या आत उरका, जूनमध्ये वेल्डर फोनच उचलत नाही.