मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार देशात किती पाळले जातात, याचा अहवाल सरकारच लिहितं, मग त्याला अर्थ काय?

शंका रास्त आहे. आपलाच पेपर आपणच तपासायचा, असं वाटतं खरं. पण तपासणारे वेगळे असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचंच घ्या. भारतानं तो 1992 साली स्वीकारला. पहिला अहवाल दोन वर्षांत, नंतर दर पाच वर्षांनी द्यायचा. तो जिनिव्हातल्या 18 तज्ज्ञांच्या समितीकडं जातो. समिती आधी प्रश्नांची यादी पाठवते, मग सरकारी प्रतिनिधींना समोर बसवून विचारते आणि शेवटी शिफारशी जाहीर करते.

खरी गंमत मधल्या टप्प्यात आहे. सरकारच्या अहवालासोबत संस्था-संघटना आपला पर्यायी अहवालही देऊ शकतात. आमच्या यवतमाळकडं कापूस वेचणीच्या दिवसांत काही पोरं शाळेच्या हजेरीपटावर 'उपस्थित' असतात आणि ओटी बांधून वावरात दिसतात. सरकारी अहवालात पटसंख्या येईल. वावरातलं पोरगं यायचं असेल तर या दुसऱ्या अहवालातूनच. तेव्हा गावातल्या कार्यकर्त्यांनी तारीख-वार टिपून ठेवलेली वही इथं भारी कामाची.

दंड वगैरे काही नाही, शिफारशी न पाळल्यास कोणी जप्ती आणत नाही. उशीरही चालून जातो: नागरी-राजकीय हक्कांच्या करारावर भारताची सुनावणी 1997 नंतर थेट 2024 मध्ये झाली! तरी समितीचे शेरे सगळ्यांना वाचायला खुले असतात. ग्रामसभेत ते वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.