फुकट डिशवरचे ख्रिस्ती चॅनल आणि रेडिओ: कुठले ठेवायचे, कुठले काढायचे? वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, दर महिन्याचं पॅकेज न घेता सॅटेलाइटवर दिसणारे ख्रिस्ती चॅनल आणि रेडिओ. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न: एकच डिश लावली की जगातले सगळे फुकट ख्रिस्ती चॅनल दिसतात असं डिश बसवणाऱ्याने सांगितलं. खरंय का?

नाही, तसं होत नाही. टीव्हीचे सॅटेलाइट विषुववृत्तावर साधारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आपापल्या जागी असतात आणि आपली डिश एका वेळी त्यातल्या एकाच जागेकडे बघते. शिवाय प्रत्येक सॅटेलाइटचा सिग्नल जगाच्या ठराविक भागावरच पडतो, त्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथून तो दिसतो की नाही हे आधी बघावं लागतं. उदाहरण सांगतो. (सॅटेलाइटची जागा रेखांशाच्या अंशांत सांगतात.) १३ अंश पूर्वेला हॉट बर्ड आहे, त्यावर व्हॅटिकन रेडिओ, इटलीच्या बिशपांचं टीव्ही २०००, पोलंडचं त्रवाम असे कॅथलिक चॅनल सापडतात. १९.२ अंश पूर्वेच्या अॅस्ट्रावर जर्मन बिबेल टीव्ही आणि फ्रेंच केटीओ. ब्रिटनमधली फ्रीसॅट सेवा २८.२ अंशावर आहे. आणि अरबी ख्रिस्ती चॅनल हवे असतील, म्हणजे सॅट-७ किंवा कॉप्टिक लोकांचं (इजिप्तमधल्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचं) अघापी, तर ७ ते ८ अंश पश्चिमेकडे तोंड करावं लागतं.

म्हणून क्रम उलटा लावा. आधी घरात कोण बघणार, कुठली भाषा कळते, कुठल्या मंडळीची उपासना हवी ते ठरवा, मग ते चॅनल कुठल्या सॅटेलाइटवर आहेत ते त्या चॅनलच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा (चॅनल जागा बदलतात, जुन्या यादीवर विसंबू नका) आणि त्यानंतरच डिश फिरवा. दोन सॅटेलाइट जवळजवळ असतील तर एका डिशवर दोन एलएनबी (डिशच्या पुढे सिग्नल पकडणारा भाग) बसतात, १३ आणि १९.२ मध्ये फक्त ६.२ अंशांचं अंतर आहे म्हणून त्या जोडीसाठी मोनोब्लॉक नावाचा जोड एलएनबी तयारच मिळतो. लांबचे असतील तर दुसरी डिश आणि मधे डायसेक स्विच, म्हणजे दोन्हींतला हवा तो सिग्नल बॉक्सला देणारा.

आणि यादीत नावापुढे डॉलरचं चिन्ह किंवा कुलूप दिसलं तर ते चॅनल बहुतेक एन्क्रिप्टेड आहे, कार्डाशिवाय दिसणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: नवीन बॉक्सवर स्कॅन केलं तर धार्मिक चॅनलांची लांबलचक यादी आली. आम्ही घरात सगळे विश्वासी आहोत पण यातलं चांगलं कुठलं, आपलं कुठलं, काहीच कळत नाही. कसं निवडायचं?

हा या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, याच्यावर जरा सावकाश बोलूया.

पहिली गोष्ट, चॅनलच्या मागे कोण आहे ते शोधा. स्क्रीनवर क्रूस दिसला की सगळं एकच असं नसतं. ईडब्ल्यूटीएन १९८१ साली मदर अँजेलिका या ननने सुरू केलं, ते पूर्ण कॅथलिक आहे, तिथे रोजची मिस्सा आणि रोझरी मिळेल. टीबीएन १९७३ चं, अमेरिकन, पेंटेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक वळणाचं, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारं. होप चॅनल सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीचं आहे, तिथे शनिवार हा शब्बाथ म्हणून पाळताना दिसेल, तर गोंधळून जाऊ नका. बिबेल टीव्ही २००२ पासून चालू आहे आणि त्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, फ्री चर्च (सरकारपासून स्वतंत्र मंडळ्या) असे वेगवेगळे लोक एकत्र आहेत. सॅट-७ ने १९९६ मध्ये अरबी भाषेत सुरुवात केली, आता फारसी आणि तुर्कीतही आहे, मध्यपूर्वेतल्या निरनिराळ्या मंडळ्या मिळून ते चालवतात आणि दुसऱ्याच्या धर्मावर टीका करायची नाही हे त्यांनी धोरण म्हणून ठेवलंय, मला हे फार मोलाचं वाटतं. 'आमच्याबद्दल' या पानावर चॅनल स्वतःची ओळख स्पष्ट सांगत नसेल, कुठली मंडळी, कुठलं मंडळ, कोण जबाबदार, काहीच नाही, तर मी ते चॅनल यादीत ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पुष्कळ ख्रिस्ती चॅनल आपली वेळ विकतात. म्हणजे सकाळी नऊचा प्रचारक वेगळा, साडेनऊचा वेगळा, प्रत्येकाने आपापल्या अर्ध्या तासाचे पैसे भरलेले, आणि चॅनल त्या सगळ्यांच्या शिकवणीची हमी घेतंच असं नाही. ओळखायचं कसं? कार्यक्रमाच्या शेवटी जो पत्ता आणि फोन नंबर येतो तो बघा. कोपऱ्यात लोगो एका चॅनलचा आणि खाली पट्टीवर संस्था दुसरीच, म्हणजे ती विकत घेतलेली वेळ आहे. असे कार्यक्रम बऱ्याचदा साडेअठ्ठावीस मिनिटांचेच बनवलेले असतात, उरलेल्या दीड मिनिटात चॅनलच्या जाहिराती बसाव्यात म्हणून. त्यामुळे 'अमुक चॅनल चांगलं' असं सरसकट म्हणता येत नाही, त्याच चॅनलवर एक पाळक रोमकरांस पत्र अध्याय अध्याय करून शांतपणे शिकवत असतो आणि त्याच्यानंतरचा माणूस एक वचन वाचून तासभर भलतंच बोलत असतो.

म्हणून एकाच वेळी बघून निर्णय घेऊ नका. आठवडाभर वेगवेगळ्या वेळांना बघा, सकाळी, दुपारी आणि मुद्दाम रात्री उशिरा, कारण रात्री उशिराच्या वेळेत काय लावलंय त्यावरून चॅनलचा खरा स्वभाव कळतो. बघताना बायबल मांडीवर ठेवा. बोलणारा वचनाच्या आधीचं आणि नंतरचंही वाचतोय का, की मधलंच एक वाक्य उचलून स्वतःचं म्हणणं त्यावर चिकटवतोय? प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बेरियाचे लोक पौलाचं सुद्धा ऐकून रोज शास्त्रात तपासत होते आणि तिथे त्यांचं कौतुकच केलंय. पौलाला जे लागू होतं ते टीव्हीवरच्या माणसाला लागू नाही असं कसं होईल?

कोणी जगाच्या शेवटाची तारीख सांगायला लागला तर तिथेच बंद करा. अमेरिकेतल्या फॅमिली रेडिओवरून हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली होती, जगभर बोर्ड लागले, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे त्या प्रचारात घातले, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला. ते स्टेशन अनेक वर्षं सुंदर भजनं लावणारं म्हणून लोकांच्या विश्वासातलं होतं, हे लक्षात ठेवा. संगीत चांगलं आहे म्हणून शिकवण चांगली असेलच असं नाही.

एवढं सगळं झाल्यावर पाच-सहाच ठेवा. फेव्हरेट लिस्टमध्ये वर आणा, बाकीचे डिलीट किंवा हाइड करा. खूप चॅनल ठेवले की माणूस नुसता रिमोट दाबत बसतो, ऐकत काहीच नाही.

प्रश्न: आई एका प्रचारकाचा कार्यक्रम रोज बघते. तो म्हणतो विश्वासाचं बीज पेरा, म्हणजे पैसे पाठवा, देव शंभरपट देईल, आजार जाईल. आईने बरेच पैसे पाठवलेत. चॅनल ब्लॉक करू का?

ब्लॉक करण्याआधी आईजवळ बसून तो कार्यक्रम तिच्यासोबत पूर्ण बघा. चॅनल गुपचूप काढलं तर तिला वाटेल मुलं विश्वासाच्याच आड येतायत, आणि पैसे फोनवरून जातच राहतील.

दान मागणं हे मुळात चूक नाही, ते आधी मान्य करा. सॅटेलाइटवर जागा भाड्याने घ्यावी लागते, स्टुडिओ लागतो, आपण फुकट बघतो म्हणजे कोणीतरी दुसरं पैसे भरतंय. प्रामाणिक संस्था सांगते की आमचा खर्च इतका आहे, हिशोब इथे आहे, जमलं तर मदत करा, नाही जमलं तर प्रार्थना करा. अमेरिकेत १९७९ पासून ईसीएफए नावाची संस्था ख्रिस्ती संस्थांचे आर्थिक व्यवहार तपासून सदस्यत्व देते, असं काही आहे का ते बघता येतं. गडबड कुठे आहे तर रकमेला आशीर्वाद जोडतात तिथे. 'आज रात्री बाराच्या आत', 'ही ठराविक रक्कम', 'तेल मागवा, रुमाल मागवा', 'डॉक्टर खोटं बोलतो' असं काहीही ऐकलं की समजायचं. औषध थांबवा असं सुचवणारा कार्यक्रम तर त्या क्षणी बंद, तिथे चर्चा नको. ब्रिटनच्या ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्ये लव्हवर्ल्ड या ख्रिस्ती चॅनलला कोरोनाबद्दलच्या चुकीच्या आणि अपायकारक ठरू शकणाऱ्या दाव्यांसाठी १,२५,००० पौंड दंड केला होता, म्हणजे ही नुसती शंका नाही. आणि आईला इतिहासातलं सांगायचं असेल तर जिम बेकर या अमेरिकन टीव्ही प्रचारकाचं सांगा. पीटीएल हे त्यांचं नेटवर्क एके काळी सॅटेलाइटवर खूप मोठं होतं, प्रेक्षकांना आजन्म भागीदारी म्हणून हॉटेलातल्या मुक्कामाची वचनं विकली, खोल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि १९८९ मध्ये कोर्टाने त्यांना २४ आरोपांवर दोषी ठरवलं. पैसे देणारे लोक तुमच्या आईसारखेच भाबडे आणि मनापासून विश्वास ठेवणारे होते.

तिला द्यायचंच आहे, तिचं मन तसं आहे, ते चांगलंच आहे. मग तिच्या स्वतःच्या मंडळीत, जिथे पैसा कुठे गेला ते विचारता येतं, तिथे देऊ दे. तुमच्या पाळकांना किंवा फादरना एकदा घरी बोलवा, मुलांपेक्षा त्यांचं ती लवकर ऐकेल.

प्रश्न: आजोबांना आता दिसत नाही. त्यांच्यासाठी डिशवर ख्रिस्ती रेडिओ मिळतो का? वेगळा रेडिओ घ्यावा लागेल?

वेगळं काही नको. टीव्हीच्या त्याच सिग्नलमधून रेडिओही येतात, रिमोटवर टीव्ही/रेडिओ असं बटण असतं ते दाबलं की वेगळी यादी उघडते, बऱ्याच घरांमध्ये ते बटण कधी कोणी दाबलेलंच नसतं. स्कॅन करताना 'फक्त टीव्ही' असं सेटिंग असेल तर ते 'सर्व' करा. रेडिओ मारिया, व्हॅटिकन रेडिओ, जर्मन रेडिओ होरेब, ब्रिटनमधले यूसीबी आणि प्रीमियर, असे बरेच आहेत, तुमच्या सॅटेलाइटवर कुठले ते बघा. आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेसाठी मला टीव्हीपेक्षा रेडिओच बरा वाटतो, प्रचारकाचा सूट आणि स्टेज दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात.

सोय अशी करा की बॉक्समधून आवाजाची वायर काढून साध्या स्पीकरला जोडा, टीव्ही चालू ठेवायची गरजच नाही. आजोबांचं आवडतं स्टेशन फेव्हरेटमध्ये एक नंबरला ठेवा आणि रिमोटच्या त्या बटणावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, बोटाला कळेल असा.

प्रश्न: उपवासकाळात मार्चमध्ये रोज दुपारी साधारण त्याच वेळेला चित्र फुटतं, दहा मिनिटांनी आपोआप येतं. आणि एक चॅनल तर कायमचंच गेलं. डिश हलली का?

डिश हलली असती तर चित्र आपोआप परत आलं नसतं. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींमध्ये सिग्नल बुडून जातो. थोडे दिवस, रोज काही मिनिटं. काही करायचं नाही, आपोआप थांबतं.

कायमचं गेलेलं चॅनल बहुधा बंद झालेलं नसतं. एकतर ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलंय, मग ब्लाइंड स्कॅन (सगळ्या फ्रिक्वेन्सी शोधणारं स्कॅन) केलं की सापडेल, नाहीतर डीव्हीबी-एस ही सिग्नल पाठवायची जुनी पद्धत सोडून डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीवर गेलंय आणि तुमचा बॉक्स जुना असेल तर त्याला ते वाचताच येत नाही. बॉक्सच्या मागे किंवा मॅन्युअलमध्ये एस२ आणि एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) लिहिलंय का बघा, नसेल तर बॉक्स बदलावा लागेल, डिश तीच चालते.

प्रश्न: वडील अंथरुणाला खिळलेत, आम्ही कॅथलिक. रविवारची मिस्सा टीव्हीवर बघितली तर चालते का? आणि एका चॅनलवर ख्रिसमस ७ जानेवारीला कसा?

वडिलांना आजारपणामुळे चर्चला जाण्याचं बंधनच नाही, त्यामुळे त्यांनी टीव्हीवरची मिस्सा मनोभावे बघावी, त्यात काही कमीपणा नाही. फक्त कम्युनियन स्क्रीनमधून मिळत नाही, म्हणून पॅरिशमध्ये कळवा, आजाऱ्यांना घरी येऊन देण्याची पद्धत आहे. घरातल्या धडधाकट माणसांनी मात्र टीव्हीवर भागवू नये.

७ जानेवारीचं चॅनल कॉप्टिक किंवा दुसऱ्या एखाद्या ऑर्थोडॉक्स मंडळीचं असणार, त्यांचं धार्मिक कॅलेंडर वेगळं आहे. ईस्टरही बऱ्याचदा वेगळ्या रविवारी येतो, २०२५ मध्ये मात्र कॅथलिकांचा आणि ऑर्थोडॉक्सांचा दोघांचाही २० एप्रिललाच होता. वडिलांना जमेल तर ती रात्रीची लांब उपासना एकदा दाखवा, भाषा कळली नाही तरी गायन ऐकण्यासारखं असतं.

पोप यांची रविवारची अँजेलस प्रार्थना रोमच्या वेळेप्रमाणे दुपारी बाराला असते, ती बॉक्सच्या टायमरला लावून ठेवता येते. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तासाने बदलतं, तुमच्याकडे त्याच दिवशी बदलत नसेल तर टायमर चुकतो, तेव्हा त्या दोन रविवारांच्या आदल्या रात्री वेळ नवीन लावून ठेवा.