पोहता येत नाही, मालवणात स्कूबा करून झालंय. मग अंदमानला पुन्हा करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पंचेचाळिशीच्या पुढचे, फेब्रुवारीत पाच रात्रींची अंदमान सहल ठरलीय. पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटावर स्कूबा, मग फेरी पकडून पोर्ट ब्लेअर आणि तिथून थेट विमानतळ. पोहता दोघांनाही येत नाही. मालवणात एकदा पाण्याखालचे फोटो काढून झालेत, मग पुन्हा पैसे घालवावेत का, आणि जिवाला धोका किती?

पैशांचं नंतर बघू. आधी टूरवाल्याला फोन लावा आणि स्कूबा शेवटच्या दिवसावरून उचलून हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी टाकायला सांगा. तो म्हणेल, "मॅडम, सगळे असंच करतात." करू देत.

कारण असं. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर घेतलेला श्वास वरच्यापेक्षा दुप्पट दाट असतो आणि त्यातला नायट्रोजन रक्तामांसात जास्त मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण त्याला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब मात्र सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच, म्हणजे हवा महाबळेश्वरपेक्षाही विरळ. मुरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे झाले तर सांधे धरतात, क्वचित मज्जारज्जूपर्यंत प्रकरण जातं. म्हणून नियम आहे: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. बरेच डाइव्ह शॉपवाले सरळ २४ तास सांगतात. उथळ आणि थोडक्या वेळाच्या डाइव्हला धोका कमी असतो हे खरं, पण सुट्टीचं वेळापत्रक बदलायला फुकट पडतं.

(जाता जाता: हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर ही नावं दिसली तर घाबरू नका. माझ्या तोंडात जुनीच बसलीयत.)

आता मालवण. मालवणला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, माझं माहेर सावंतवाडीकडचं आहे. पण तिथे काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबते, कमरेला वजनाचा पट्टा, तोंडात नळी, आणि एक मुलगा मागून सिलिंडरची मान धरून तुम्हाला फिरवतो. बिस्किटाच्या चुऱ्यावर मासे जमतात, व्हिडिओ निघतो, पंधरा मिनिटांत तुम्ही वर. कोकणच्या समुद्रात नद्यांचा गाळ उतरतो, त्यामुळे बऱ्या दिवशीही पाच-सात मीटरपलीकडे धूसर. प्रवाळाला गाळ सोसत नाही आणि गोडं पाणीही सोसत नाही, म्हणून तिथे आहे ते चिवट आणि तुकड्यातुकड्यांत. अंदमानात फेब्रुवारीत समुद्र शांत असतो आणि पंधरा-वीस मीटरवरचंही दिसतं. पाणी इतकं कोमट की पातळ डाइव्हिंग सूट पुरतो. (आपल्याच विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत आंग्रे बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजींच्या आडनावाचं. तिथलं प्रवाळ सुंदर, पण माथाच वीसेक मीटर पाण्याखाली. नवख्याचं ते काम नाही.)

पण पाणी स्वच्छ असून भागत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवावरून कळलं. माझी हॅवलॉकची पहिली डाइव्हही अशीच मानगूट धरून नेलेली होती. दोन नंबर बीचजवळचा नीमो रीफ, जिथे बहुतेक नवख्यांना नेतात. वर आले तेव्हा आठवत होतं फक्त माझ्याच श्वासाचं घुर्रर्र आणि कॅमेरावाल्याची बोटं. मासे मी रात्री व्हिडिओत पाहिले. दोन वर्षांनी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा गेले आणि चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) केला. त्याआधी ठाण्यात महापालिकेच्या तलावावर लेडीज बॅचला सात महिने पोहायला शिकले, कारण कोर्सला २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं लागतं. वेगाची अट नाही. माझा वेग पाहून काठावरची लाइफगार्ड दोनदा उठून उभी राहिली होती.

तुमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत तेवढा वेळ नाही, तेव्हा कोर्सचा विचार आत्ता सोडा. पोहता न येणाऱ्यांसाठी असते ती ट्राय डाइव्ह: जास्तीत जास्त १२ मीटर, इन्स्ट्रक्टर सतत हाताशी, पोहण्याची गरज नाही. फक्त एक करा. एकच डाइव्ह घेऊ नका, लागोपाठ दोन दिवस दोन घ्या, आणि जमलं तर त्याच इन्स्ट्रक्टरबरोबर. पहिली डाइव्ह तुमच्या कानांची आणि भीतीची असते. मासे दुसरीत दिसतात. दुसरीचे पैसे कुठून आणायचे? पॅकेजातली जेट स्की, सी वॉक आणि काचेच्या तळाची होडी काढून टाका.

धोक्याचं विचारलंत म्हणून कानांपासून सांगते. खाली जाताना दर मीटरभराला नाक दाबून हलकी फुंकर मारायची, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. दुखल्यावर मारायची नाही, दुखायच्या आधी मारायची. कोर्सच्या तिसऱ्या दिवशी मला सर्दी होती. पैसे भरलेले, बोट ठरलेली, म्हणून मी ती लपवली. चार मीटरवर उजव्या कानात कुणी दाभण खुपसावं तशी कळ आली. हाताचा पंजा आडवा हलवून "गडबड" अशी खूण केली, कानाकडे बोट दाखवलं आणि गुपचूप वर आले. पुढचे पंधरा दिवस नवरा डाव्या बाजूने बोलत होता. सर्दी असेल तर जायचं नाही, यात वाटाघाट नाही.

दुसरं, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. आत घ्या, सोडा, सावकाश, एवढंच. आपण घाबरलो की भसाभसा श्वास घेतो. माझ्या सिलिंडरातल्या हवेचा काटा २०० बारवरून ५० वर आला (५० उरले की वर यायचं असतं) तेव्हा माझ्या इन्स्ट्रक्टर मुलीचा १३० वर होता. ती चेन्नईची, माझ्या निम्म्या वयाची, आणि पाण्याखाली दुपारी जेवून आडवं व्हावं तशी पडून असायची.

तिसरं, खुणा. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला". ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आणि मान डोलवून हो-नाही सांगायची आपली सवय किनाऱ्यावर ठेवून जा. माझ्या नवऱ्याने ती बरोबर नेली होती.

दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाचं ऑपरेशन, बीपीच्या गोळ्या यातलं काही असेल तर इथूनच डॉक्टरांचा कागद घेऊन जा. तिथे आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. आमच्या पहिल्या खेपेला काउंटरवरच्या पोराने पेन हातात देऊन "सबमें नो लिख दो" म्हटलं होतं. आम्ही लिहिलं, हा आमचा मूर्खपणा. आता कुणी असं म्हटलं तर मी पेन परत देऊन निघते. दुकान ठरवताना एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं ते विचारा. तुमच्यासाठी उत्तर "एकास एक" हवं.

शार्क? दिसला तर नशीब समजा, तोच पळून जातो. त्यापेक्षा टायटन ट्रिगरफिश नावाचा जाड ओठांचा मासा घरट्यावर असला की खवळतो आणि फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) चावतो. इन्स्ट्रक्टर आडवं निघायला सांगेल, तसं निघा. मगरींच्या पाट्या मात्र मनावर घ्या. २०१० मध्ये हॅवलॉकच्याच राधानगर बीचच्या टोकाला स्नॉर्केलिंग करताना एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीने जीव घेतला होता. पाटी असेल तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये.

आता मी परत परत का जाते ते. खाली गेल्यावर फिरू नका, एका जागी थांबा. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगून ठेवा की आम्हाला लांब जायचं नाही. माझी सगळ्यात चांगली डाइव्ह परातीएवढ्या एका समुद्रफुलासमोर (सी ॲनिमोन) गेली. त्यात चार नारिंगी क्लाउनफिश. सगळ्यात मोठी मादी, तिच्याखालचा नर, बाकीची दोन पोरंटोरं. मादी मेली तर तो नरच मादी होतो आणि पोरांतला मोठा नर बनतो. म्हणजे घरातलं सासूपण रिकामं राहत नाही. मी जवळ गेले तर बोटाएवढी ती बाई माझ्या मास्कवर धावून आली. बाजूला एक पोपटमासा प्रवाळ खरवडत होता. त्याचा आवाज चकली मोडल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. चावलेला दगड तो मागून वाळू करून सोडतो. ज्या पांढऱ्या वाळूत आपण फोटो काढतो, तिच्यात त्याचा वाटा बराच आहे. हे कळल्यावर नवऱ्याने वाळूत लोळणं कमी केलं.

बारा मीटरवर माझ्या मनगटातला देवीचा लाल धागा काळपट दिसत होता. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. इन्स्ट्रक्टर मुलीने टॉर्च मारला आणि धागा एकदम कुंकवासारखा पेटला. त्याच उजेडात बाजूचा करडा वाटणारा सी फॅन (पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ) माणकासारखा लाल निघाला.

पोवळ्याबद्दल नेहमी विचारतात म्हणून: बोटात किंवा मंगळसूत्रात असतं ते लाल पोवळं हे नाही. त्याची जात वेगळी, ते बहुतेक भूमध्य समुद्राकडून येतं. अंदमानातल्या प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा असतो, रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा, आणि प्रवाळाचं बरंचसं अन्नही तेच शेवाळ बनवतं. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी तापलं तरी प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. अंदमानात १९९८ ला, मग २०१० च्या उन्हाळ्यात आणि २०१६ ला मोठा फटका बसला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरची चौथी मोठी लाट जाहीर झाली. त्यामुळे ब्रोशरमधल्या रंगांची अपेक्षा ठेवू नका. उथळ भागात मोडका राडारोडा बराच दिसेल, आणि त्यातच बशीएवढी नवी वाढही.

त्या राडारोड्यात माझाही एक तुकडा आहे. कोर्सनंतरच्या पहिल्याच डाइव्हला मी कासव बघायला वळले आणि मागे फिन कशाला तरी लागली. टक्क. करंगळीएवढी फांदी तुटून खाली गेली. फांद्यांची जात वर्षाला दहाएक सेंटीमीटर वाढते, थोराड गोलसर जातीला एका सेंटीमीटरला वर्ष लागतं, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. आमच्याबरोबर मायाबंदरकडचा एक कारेन मुलगा होता. शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून आलेल्या लोकांपैकी. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तुकडा उचलला, खडकाच्या एका फटीत घट्ट बसवला आणि पुढे गेला. बोटीवर त्याने मला चहा दिला, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. शिंपला-प्रवाळ बॅगेत टाकून आणायचा मोहही नको. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान उघडतात.

कुणी म्हणेल, मालदीवला का नाही? जा, पण शिकल्यावर. तिथलं खरं डाइव्हिंग बेटांमधल्या खाचांत, जोराच्या प्रवाहात असतं. लक्षद्वीपची प्रवाळ बेटं अप्रतिम आहेत, पण परवान्याची तयारी बरीच आधी करावी लागते, तुमच्या फेब्रुवारीत बसणार नाही.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. मुक्काम हॅवलॉकवरच करा, पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात जाऊन येणं नको, कारण तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य फार लवकर उगवतो आणि डाइव्हच्या बोटी सकाळी सात-साडेसातलाच सुटतात. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधीच विचारा. आणि यजमानांना मिशी असेल तर मास्कमध्ये नाकाखालून पाणी झिरपत राहतं. माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांची मिशी उतरवायला साफ नकार दिला, मग बोटीवरच्या छोट्या कात्रीने नाकाखालची बोटभर पट्टी तेवढी भादरली. पाणी थांबलं. त्या सहलीचे फोटो मात्र तो कुणाला दाखवू देत नाही.