सिनेमांच्या वेशभूषाकार भानू अथैया यांच्यामुळे सामान्य बायकांच्या रोजच्या कपड्यांत खरंच काही बदललं का, की ऑस्करमुळे कौतुक होतं?

बदललं. मला ते ऑस्करवरून नाही, बाबांच्या दुकानावरून कळलं. नागपुरात महाल भागात त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. शाळेतून आले की काज-बटणं माझ्याकडे.

'वक्त' सिनेमा आला 1965 साली. त्यात साधनाला अंगासरशी, बिनबाह्यांचे कुर्ते आणि खाली चुडीदार, हे भानूताईंचं काम. चुडीदार काही त्यांनी शोधला नाही, तो फार जुना. पण एरवी ढगळ कुर्त्याखाली झाकलेला असायचा. त्यांनी कुर्ता घट्ट आणि साधा केला, जरीचा गोंधळ काढून टाकला आणि सगळा भार कटिंगवर टाकला. बाबा सांगायचे, गिऱ्हाईक कापड टेबलावर टाकायचं आणि म्हणायचं, "वक्तमधल्यासारखा पाह्यजे." फोटो नाही, काही नाही. बाबांनी तो सिनेमा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा गोष्टीकडे लक्षच नव्हतं म्हणे, शिवणी कुठून गेल्यात तेच पाहत होते.

आता गंमत अशी की जरीकाम नसलं की टेलरला लपायला जागा राहत नाही. चुडीदार उरेब कापावा लागतो, म्हणजे कापडाचे धागे पायाला तिरपे गेले पाहिजेत. सुती कापड उभं ओढा, आडवं ओढा, हलत नाही. तिरपं ओढलं की ताणतं. म्हणून पोटरीला चिकटूनही गुडघा वाकतो. बाबा शिकवायचे, "कापड तिरपं धर वं पोरी, मंग पाय बी वाकते अन् कापड बी." पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 36 इंचांचा असला तर आधी कापडाची तिरपी पिशवी शिवायची आणि मग तिच्यातून पाय कापायचे, चिंध्या कमी पडतात. लांबी पायापेक्षा मुद्दाम जास्त ठेवायची, तीच घोट्याशी चुण्या होऊन बांगड्यांसारखी बसते. कुर्त्याला छातीशी टक्स, बगलेखाली चेन, आणि सायकलवर बसणाऱ्या पोरींसाठी बाजूचा कट जरा वरपर्यंत. हा शेवटचा बदल भानूताईंचा नाही, नागपूरच्या टेलरांचा! चुडीदार टाचेतून जात नसे म्हणून पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चढवायचा. मे महिन्यात ते काय प्रकरण असेल, विचार करा. तरी बायका घालायच्याच.

एक घोळ इथे नेहमी होतो. 'साधना कट' म्हणजे कपाळावरची केसांची झालर. ती 1960च्या 'लव्ह इन सिमला'पासूनची, तिचा भानूताईंशी संबंध नाही. पण नाव हिरॉईनचंच व्हायचं हे मात्र दोन्हीकडे सारखं. दुकानात कधी कुणी 'भानू अथैया स्टाईल' मागितली नाही.

दुसरं उदाहरण 'ब्रह्मचारी'तलं, 1968. मुमताजची गाण्यातली ती केशरी साडी, निऱ्या आधीच शिवून घट्ट बसवलेली, म्हणजे नाचताना सुटायची भीती नाही. आमच्याकडे तशी साडी शिवून घ्यायला तेव्हा कुणी धजावलं नाही. आज बर्डीच्या बाजारात शिवलेली साडी आणि शिवलेली नऊवारी दोन्ही टांगलेल्या दिसतात. ते सगळं त्या एका गाण्यातून आलं असं मी म्हणणार नाही, पण साडी शिवली तर ती साडीच राहते, हे पडद्यावर आधी दिसलं होतं.

आणि महालातल्या आज्यांवर परिणाम शून्य. त्या शेवटपर्यंत नागपुरी लुगड्यात.

ऑस्कर 'गांधी'साठी, 1983 साली, जॉन मोलो यांच्यासोबत; भारतीयाला मिळालेला पहिलाच. तिथे काम नेमकं उलटं होतं, कपडा कपडा म्हणून दिसताच कामा नये. कोल्हापूरच्या चित्रकाराची मुलगी, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं. दोन्ही जमण्यामागे मला ते चित्रकाराच्या डोळस हाताचं वळण दिसतं. पेपरात बातमी आली तेव्हा मी ती बाबांना वाचून दाखवली. खाली जुन्या सिनेमांची नावं होती. 'वक्त' ऐकल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हंजे ते बाईनं केलं होतं? मले वाटे कोन्या उस्तादाचं काम हाय."

आता दुकान भाऊ पाहतो. पिको-फॉल, ब्लाऊज, अल्टरेशन. लेगिंग्जचं कापडच ताणतं, उरेब कापायचं कारण उरलं नाही. वर्षाकाठी एखादी कथक शिकणारी मुलगी चुडीदार शिवायला येते, तेव्हा ती तिरपी पिशवी शिवायला भाऊ मलाच फोन करतो.