आठ महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत. असं किती जोडप्यांचं होतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय 29, नवऱ्याचं 33, पाळी 32 ते 35 दिवसांनी येते, आठ महिने प्रयत्न चालू आहेत, आणि घरातून ‘डॉक्टरला दाखवा’ हे रोज ऐकावं लागतंय. मूल होण्यात अडचण असलेली जोडपी किती असतात आणि आम्ही त्यात मोडतो का, असा तुमचा प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडालेली असणार: आजच्या घडीला तुम्ही त्यात मोडत नाही.

वैद्यकीय व्याख्या 12 महिन्यांची आहे. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर वंध्यत्व म्हणतात. यातला ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा. नवरा जहाजावर किंवा आखातात असेल, किंवा दोघं वेगवेगळ्या शहरांत नोकरीला असतील, तर एकत्र नसलेले महिने मोजायचे नसतात. लग्नाला किती वर्षं झाली याचाही इथे संबंध नाही, नातेवाईक मात्र नेमकं तेच मोजतात.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जगभरातल्या अभ्यासांवरून अंदाज दिला: 17.5 टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. कोणत्याही एका वेळी पाहिलं तर 12.6 टक्के लोक त्यातून जात असतात. श्रीमंत देशांत आयुष्यभराचं प्रमाण 17.8 आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 16.5 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. त्यामुळे ‘हे सगळं आजकालच्या करिअरवाल्या मुलींचं’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. शिवाय या सहांतल्या एकामध्ये असेही असंख्य लोक आहेत ज्यांना पुढे मूल झालं, काहींना तर उपचारांशिवाय. पहिलं मूल सहज होऊन दुसऱ्या वेळी अडलेलेही त्यात येतात.

तुमच्यासाठी मात्र दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. तिशीच्या आतल्या निरोगी जोडप्यालाही एका पाळीचक्रात दिवस राहण्याची शक्यता 20 ते 25 टक्केच असते. प्रयत्न सुरू केलेल्या 100 जोडप्यांपैकी 80 ते 85 जणांना वर्षभरात यश येतं आणि उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, काही न करता. महिने जातात तशी दर महिन्याची शक्यता कमी दिसू लागते, पण याचा अर्थ तुमचं शरीर आठ महिन्यांत बिघडलं असा नाही. ज्यांना चटकन राहतं ती जोडपी मोजणीतून बाहेर पडतात आणि मागे थोडा जास्त वेळ लागणारी उरतात, एवढंच.

तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट खटकली: ‘ॲप दाखवतं तसं 14व्या दिवशी प्रयत्न करतो.’ 14वा दिवस फक्त 28 दिवसांच्या पाळीसाठी खरा. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी फुटतं, त्यामुळे 32 ते 35 दिवसांच्या चक्रात ते 18व्या ते 21व्या दिवसाच्या आसपास फुटणार. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम 12 ते 24 तास. म्हणून दिवस राहू शकतात ते बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहाच. तुम्ही 14व्या दिवशी थांबत असाल तर अनेक महिने सगळ्यात चांगले दिवस हुकले असण्याची दाट शक्यता आहे. पाळीचा पहिला दिवस एक धरून 12व्यापासून 22व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. रोज ठेवल्याने बिघडत नाही, पण ‘शुक्राणू साठवायचे’ म्हणून आठवडाभर थांबणं चुकीचं आहे. बाजारातली बहुतेक वंगणं आणि थुंकीसुद्धा शुक्राणूंची हालचाल मंदावते, ती टाळा. नंतर पाय वर करून पडून राहायची काही गरज नाही.

लघवीवर करायची ओव्ह्युलेशन किट वापरायची असेल तर 14व्या दिवसापासून सुरू करा. रेघ गडद झाली की पुढच्या 24 ते 36 तासांत बीज फुटतं. पीसीओएस (बीज वेळेवर न फुटण्याचा, हार्मोनच्या बिघाडाचा आजार) असेल तर मात्र ही किट खोटी आशा दाखवू शकते, कारण किट जो एलएच हा हार्मोन मोजते तो त्यात मुळातच वाढलेला असू शकतो.

तपासणीला कधी जायचं? तुमच्या वयात 12 महिने पूर्ण झाल्यावर. बाईचं वय 35 किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांनी, चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नये. पाळी 35 दिवसांपेक्षा लांबत असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पोटाची शस्त्रक्रिया किंवा क्षयरोग होऊन गेला असेल, नवऱ्याचा अंडकोष लहानपणी खाली उतरला नव्हता असं असेल, तरीही लगेच जा. क्षयरोगाचा उल्लेख मुद्दाम केला. भारतात गर्भनलिका बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि पोटातला क्षय कित्येकदा खोकल्याशिवाय, तापाशिवाय गुपचूप नुकसान करतो.

जाल तेव्हा दोघांनी जा आणि पहिली तपासणी वीर्याची करा. हे मी आग्रहाने सांगतो. अडचण असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं, आणि ही तपासणी सगळ्यात स्वस्त व बिनवेदनेची आहे. तरी आपल्याकडे बायकांच्या तीन-तीन सोनोग्राफ्या होतात आणि नवऱ्याचा रिपोर्ट फाइलमध्ये नसतो. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन नको. नमुना पूर्ण गोळा व्हायला हवा, कारण पहिल्या थेंबांतच सर्वाधिक शुक्राणू असतात. ते सांडले तर रिपोर्ट उगाच वाईट येतो आणि म्हणून ते लॅबला सांगायलाच हवं. साधा कंडोम वापरून गोळा करू नका. घरून न्यायचा तर शरीराच्या उबेत धरून, शक्यतो अर्ध्या तासात आणि जास्तीत जास्त तासाभरात पोचवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी: प्रमाण 1.4 मिली, दर मिलीत 1.6 कोटी शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. ‘फक्त 4 टक्के नॉर्मल’ वाचून हादरू नका, तेवढे पुरतात. एक रिपोर्ट खराब आला म्हणून निष्कर्ष काढायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा तापही आजच्या रिपोर्टात दिसतो. सहसा तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती शुक्राणूंची निर्मिती अक्षरशः बंद पाडू शकतात. त्यावर गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा.

तुमच्या बाजूने टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन हा हार्मोन, सोनोग्राफी आणि बीज फुटतंय का हे पाहणारी प्रोजेस्टेरॉनची तपासणी. ही ‘21व्या दिवशी’ करा म्हणतात, तुमच्या चक्रात मात्र ती 25व्या ते 28व्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायला हवी. नाहीतर बीज फुटत असूनही ‘फुटत नाही’ असा रिपोर्ट हातात पडतो आणि गोळ्या सुरू होतात. नलिकांसाठी एचएसजी (गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. नळी त्या क्षणी आकुंचन पावल्यानेही ‘बंद’ दिसू शकते, त्यामुळे एका फोटोवरून आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) निर्णय घेऊ नका. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलं म्हणजे नैसर्गिकरीत्या मूल होणार नाही असंही नाही; तो आकडा मुख्यतः आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल हे सांगतो.

आत्तापासून एक गोळी सुरू करा: फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम. मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस डॉक्टरांना विचारून. रुबेलाची लस झाली नसेल तर आधी घ्या आणि त्यानंतर एक महिना प्रयत्न थांबवा. नवऱ्याची तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद.

पुढे कधी आयव्हीएफची वेळ आलीच, तर ते सेंटर एआरटी कायदा, 2021 (अशा उपचारांच्या सेंटरांसाठीचा कायदा) खाली नोंदलेलं आहे का ते बघा, आणि ‘सक्सेस रेट 70 टक्के’ ऐकून भुलू नका. त्यांना थेट विचारा: माझ्या वयाच्या बायकांमध्ये, सुरू केलेल्या 100 चक्रांमागे किती जिवंत बाळं घरी गेली? नुसती प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा यापेक्षा नेहमीच मोठा असतो, आणि जाहिरातीत बहुतेकदा तोच छापलेला असतो.