युद्धाचा अभ्यास करायचाय, पण सैन्यात जायचं नाही

प्रिय मित्रा,

आधुनिक महायुद्धांत साम्राज्यांचा वाटा काय, हे तुला शिकायचं आहे. बारावीनंतर इतिहास घेऊ की आंतरराष्ट्रीय संबंध, असं विचारतोस. बाबा म्हणतात, युद्धाची एवढी हौस असेल तर सैन्यात जा.

बाबांना खरी काळजी पोटापाण्याची आहे, आणि ती रास्त आहे. त्याकडे नंतर येतो.

पदवीला इतिहासच घे. आंतरराष्ट्रीय संबंध एम.ए.ला घेता येतात. उलट्या क्रमाने गेलेले बरेच जण सिद्धांत घडाघडा बोलतात, पण जुन्या कागदपत्रांचं दप्तर समोर आलं की गांगरतात. (झोंबलं तर झोंबो.)

तुझ्या पत्रातलं पहिलं महायुद्ध युरोपातल्या खंदकांपुरतंच आहे. ते जगभर पसरलं ते साम्राज्यांमुळे. ब्रिटिश फौजेतली पहिली गोळी १२ ऑगस्ट १९१४ला टोगोलँडमध्ये, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, एका आफ्रिकी शिपायाने झाडली, असं मानतात. पूर्व आफ्रिकेतला जर्मन सेनापती लेटो-फोरबेक शरण आला २५ नोव्हेंबर १९१८ला, युरोपात शस्त्रसंधी होऊन दोन आठवडे उलटल्यावर. त्या मोहिमेत त्सेत्से माशीमुळे ओझ्याची जनावरं टिकत नसत, म्हणून दारूगोळा आणि धान्य माणसांच्या डोक्यावरून जाई. ब्रिटिशांकडचे सुमारे ९५ हजार हमाल मेले, बहुतेक रोगराईने. नैरोबीत त्यांचा पुतळा आहे, त्यावर नावं नाहीत. युद्धात मेलेल्यांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१च्या अहवालात कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी नोंद कुठल्याही स्मारकावर नाही. आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. हे उजेडात आलं ते कुणीतरी जुने कागद चाळत बसलं म्हणून. तुझं काम हेच असणार आहे.

त्यासाठी भाषा हवी. फ्रेंच वसाहती सैन्याचे कागद फ्रेंचमध्येच आहेत, पूर्व आफ्रिकेसाठी जर्मन आणि स्वाहिली लागेल. एकच निवड, पण पहिल्या वर्षापासून आणि नेटाने.

आता पोटापाण्याचं. अभिलेखागार, संग्रहालयं, अध्यापन, पत्रकारिता, धोरणसंशोधन अशा वाटा आहेत, पण जागा मोजक्या. प्राध्यापकीसाठी पीएच.डी.ची तयारी ठेव; तोवर भाषांतरावर खर्च निघू शकतो. बाबांना हे असंच सांग, रंगवून नको.

अर्ज भरण्याआधी कमिशनचा तो अहवाल वाच, इंटरनेटवर फुकट आहे. तळटीपांसकट वाचताना कंटाळा आला तर मला पुन्हा लिही. मग दुसऱ्या विषयांचा विचार करू.